पायाआधीचा चर

नवे ख्रिस्तमंदिर, शाळा, धर्मग्रामाचे सभागृह किंवा साधे राहते घर बांधावयाचे ठरले, की आपण धर्मगुरूंना पाचारण करतो, पायाच्या दगडावर आशीर्वाद मागतो आणि या छपराखाली चार पिढ्या सुखाने नांदोत अशी प्रार्थना करतो. ही आपली रीत जुनी आहे आणि चांगलीही आहे. मात्र त्या प्रसंगी आपली सारी दृष्टी पुढे लागलेली असते. ज्या भूमीत आपण पाया खणतो, तिच्या पोटात आपल्या आधीचे कोण निजले आहे, हा विचार त्या गडबडीत क्वचितच कोणाच्या मनात येतो. सातबाराच्या उताऱ्यावर मालकाचे नाव सापडते, पिकाची नोंद सापडते, बोजा असेल तर तोही सापडतो. पण त्या मातीवर जगून त्या मातीत मिसळून गेलेल्यांची नोंद कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात नसते. मग प्रश्न उभा राहतो तो असा : ज्यांची नोंद नाही, ज्यांचे नाव ठाऊक नाही, ज्यांच्या वतीने बोलणारा वारस नाही, अशांविषयी बांधकाम करणाऱ्याचे काही कर्तव्य आहे काय? असल्यास ते कोठवर जाते?

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नाही. युरोपातील अनेक देशांनी त्याचे एक व्यवहारी उत्तर शोधले आहे. तेथे ग्रामीण भागातून मोठा रस्ता, कारखाना वा वसाहत जावयाची असेल, तर पाया खणण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञ त्या जमिनीत चाचणीचे चर खणतात. या लेखात आम्ही आयर्लंडचे उदाहरण घेत आहोत. त्यामागे एक कारण आहे. दीर्घ कॅथोलिक परंपरा असलेल्या त्या देशात हे चर केवळ प्राचीन राजांच्या वस्त्यांपर्यंत जाऊन थांबले नाहीत. ते ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचले. तेथे जे दिसले त्याचा आपल्याशीही संबंध आहे.

प्रथम ही पद्धत समजून घेऊ. समजा, कुरणांतून आणि शेतांतून एक नवा राष्ट्रीय मार्ग आखला गेला आहे. आरंभी जुने नकाशे व कागदपत्रे तपासली जातात, विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहिली जातात, काही ठिकाणी जमिनीच्या चुंबकीय गुणांचे मापनही होते. परंतु एवढ्याने जमिनीच्या पोटातले सारे कळत नाही. म्हणून नियोजित रस्त्याच्या मध्यरेषेवरून सुमारे दोन मीटर रुंदीचा लांबच लांब चर घेतात, आणि ठरावीक अंतरावर त्याच्या दोन्ही बाजूंना आडवे चर काढतात. नकाशावर ती आकृती माशाच्या काट्यासारखी दिसते. माती उपसणाऱ्या यंत्राला नेहमीचे दातेरी फावडे न लावता सपाट ओठाचे फावडे लावलेले असते. वरची कसाची माती ते पातळ पातळ थरांनी खरवडून काढते आणि पुरातत्त्वज्ञ यंत्राशेजारी उभा राहून प्रत्येक थराकडे लक्ष देतो. खालची अस्पर्शित माती लागली की यंत्र थांबते. अशा रीतीने सर्वसाधारणपणे एक दशांशाच्या आसपास जमीन उघडी करून पाहिली जाते.

त्या फिकट मातीत एखादे काळसर वर्तुळ दिसले, तर तेथे कधीकाळी लाकडी खांब रोवलेला असावा आणि तो कुजून गेला असावा, असे ताडता येते. लाल भाजलेली माती चुलीची खूण सांगते. लांब काळा पट्टा बुजलेल्या खंदकाचा असतो. आयताकृती लहान डाग मात्र पाहणाऱ्याला सावध करतो, कारण ते थडगे असू शकते. या टप्प्यावर सारे खणून काढण्याचा हेतू नसतो. वस्ती कोठवर पसरली आहे, किती जुनी आहे, किती शाबूत आहे, एवढे कळण्यापुरतेच काम हाताने केले जाते. पुष्कळदा चरात काहीही सापडत नाही. तेही उत्तरच असते, आणि बांधणारा निश्चिंत मनाने पुढे जातो. सापडले तर मार्ग दोन उरतात. एक, योजना बदलून ती जागा आहे तशी मातीखाली राखावी. दुसरा, जागा संपूर्ण खणून, मोजून, चित्रित करून, सापडलेल्या वस्तू व अवशेष सुरक्षित ठेवून मग तेथे बांधकाम करावे.

या पद्धतीला आधार देणारा महत्त्वाचा करार माल्टा बेटावरील व्हॅलेटा येथे जानेवारी १९९२ मध्ये झाला. शक्य तेथे प्राचीन अवशेष मूळ जागीच राखावेत, त्यांना धक्का लागणार असेल तर योजनांत फेरबदल करण्यास वाव असावा, आणि मोठ्या प्रकल्पांत पुरातत्त्वीय कामाचा खर्च प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात धरावा, अशी त्याची सूत्रे आहेत. आयर्लंडमध्ये २००० साली रस्ते बांधणारे प्राधिकरण आणि वारसा खात्याचे मंत्री यांच्यामध्ये या कामासाठी आचारसंहिता ठरली. जो भूमीला धक्का देणार, त्यानेच तिची विचारपूस करण्याचा भार उचलावा, हे त्यामागचे तत्त्व. शेजाऱ्याच्या बांधाला आपल्या नांगराने धक्का लागला तर भरपाई आपणच करावी, या साध्या न्यायाहून ते वेगळे नाही. येथे शेजारी मृत आहे आणि त्याला बोलता येत नाही, एवढाच काय तो फरक.

या विचारावर आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे हलक्याने घेण्यासारखे नाही. ज्या रस्त्याच्या अरुंद वळणावर माणसे दगावतात, तो रुंद होण्यास एक वर्ष उशीर झाला तर त्या उशिराची किंमत जिवंत माणसे मोजतात. प्रसूतीसाठी निघालेली स्त्री वेळेवर रुग्णालयात पोहोचणे हे हजार वर्षांपूर्वीच्या खांबाच्या खड्ड्यापेक्षा निश्चितच महत्त्वाचे आहे. परमेश्वराने ही भूमी जिवंतांच्या निर्वाहासाठी दिली आहे, हे आपली श्रद्धाही सांगते. जगाच्या पाठीवर असा तुकडा विरळाच, जेथे कोणी ना कोणी मेलेले नाही. प्रत्येक थडग्यापुढे थांबावयाचे म्हटले तर विहीर खणता येणार नाही की नांगर धरता येणार नाही. हे सारे खरे आहे. मृतांचा आपल्यावर हक्क आहे असे मानले, तरी तो अमर्याद आहे असे कोणीही म्हणू नये.

परंतु या आक्षेपाने चर खणण्याची आवश्यकता नाहीशी होत नाही. उलट ती अधिक स्पष्ट होते. जिवंतांची गरज आणि मृतांचा हक्क यांचे माप एका तराजूत घालावयाचे, तर दोन्ही पारड्यांत काय आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. एक पारडे झाकून ठेवून केलेला निवाडा न्याय्य ठरत नाही. शिवाय येथे ‘आधी’ या शब्दाला फार मोल आहे. पाया अर्धा झाल्यावर हाडे लागली, तर मजूर खोळंबलेले असतात, कर्ज वाढत असते, ठेकेदार घाई करीत असतो. अशा वेळी सज्जन माणसालाही माती लोटून पुढे जाण्याचा मोह होतो. आधी पाहणाऱ्याला हा मोह टाळता येतो. मन मोकळे ठेवून विचार करण्याची सवड त्याला असते.

दुसरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उत्खनन हे स्वतःच एक प्रकारचे नष्ट करणे आहे. एकदा खणलेला थर पुन्हा पूर्ववत रचता येत नाही. म्हणून जागा खणून तिची नोंद ठेवणे याला पुरातत्त्वाच्या व्यवहारात ‘नोंदीद्वारे जतन’ असे म्हणतात, तो शब्दप्रयोग आम्हांला थोडा उदार वाटतो. नोंद राहते, जागा राहत नाही. काही वेळा याहून चांगला पर्याय नसतो हे मान्य करूनही, जे गेले ते गेले असे म्हणण्याचा सरळपणा आपण सोडू नये. ज्याला आपण हानी म्हणतो तिची भरपाई करण्याची बुद्धी होते. ज्याला जतन म्हणतो त्याविषयी मन लवकर निर्धास्त होते.

आयर्लंडमधील दोन जागांची हकिकत या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहे. वॉटरफर्ड शहराला वळसा घालणाऱ्या नव्या मार्गासाठी २००३ साली चाचणीचे चर घेतले गेले, तेव्हा शूर नदीच्या काठी वुडस्टाउन येथे नवव्या शतकातील व्हायकिंगांची वस्ती उघडकीस आली. हे समुद्रपार लोक चाचे म्हणून इतिहासात कुप्रसिद्ध आहेत. त्यांनी मठ लुटले, ही गोष्ट आयरिश लोक विसरलेले नाहीत. तरीही शासनाने २००५ साली ती जागा राखण्याचा निर्णय जाहीर केला आणि रस्त्याची आखणी बदलली. वळणमार्ग २००९ साली वाहतुकीस खुला झाला, आणि ती वस्ती बहुतांशी मातीखाली तशीच राहिली. दुसरी जागा लिस्मलिन. आयर्लंडच्या राजांचे परंपरागत स्थान मानल्या गेलेल्या तारा टेकडीजवळून जाणाऱ्या एम-३ महामार्गाच्या कामात २००७ साली तेथे लोहयुगातील लाकडी खांबांचे सुमारे ८० मीटर व्यासाचे वर्तुळ सापडले. ते राष्ट्रीय स्मारक ठरले. परंतु रस्ता हलला नाही. जागा पूर्ण खणून तिची नोंद झाली आणि २०१० साली महामार्ग सुरू झाला. या निर्णयावर मोठा वाद झाला.

रस्ता हलला ते योग्य आणि न हलला ते अयोग्य, असा सरळ निवाडा आम्ही देत नाही. प्रत्येक ठिकाणची परिस्थिती वेगळी असते. आमच्या मते विचारावयाचा प्रश्न दुसराच आहे : चर खणला तेव्हा निर्णय खुला होता काय? जे दिसेल त्याने आपली योजना बदलू शकेल, अशी तयारी मनात ठेवून पाहिले गेले, की निकाल आधीच लिहून ठेवून साक्ष ऐकली गेली? आपल्या प्रायश्चित्त संस्काराची येथे आठवण होते. पापनिवेदनापूर्वी आपण विवेकबुद्धीची तपासणी करतो. जीवनात काहीही बदलावयाचे नाही असे ठरवून जो तपासणी करतो, तो कितीही बारकाईने पापे मोजो, त्याच्या तपासणीत दृढनिश्चयाचा अभाव असतो, आणि म्हणून ती निष्फळ ठरते. जमिनीच्या तपासणीलाही हाच नियम लागू आहे. बदलण्याची तयारी नसेल तर चर हा केवळ एक सोपस्कार ठरतो.

आतापर्यंत आम्ही वस्त्यांविषयी बोललो. परंतु आयर्लंडच्या ग्रामीण भागात ज्या जागेने आमचे मन अधिक थांबते ती निराळी आहे. तिला तेथे ‘किलीन’ म्हणतात. ज्या बालकांना बाप्तिस्मा मिळण्यापूर्वीच मरण आले, त्यांना पुरण्याच्या या जागा. अशा हजाराहून अधिक जागांची त्या देशात नोंद आहे. आशीर्वादित दफनभूमीत या बालकांना स्थान नव्हते, म्हणून त्यांना पडक्या देवळाच्या आवारात, जुन्या मातीच्या गढीत, शिवेवर, समुद्रकाठी किंवा दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरत. पुष्कळदा रात्रीच्या वेळी बाप किंवा घरातील एखादा पुरुष लहानशी पेटी घेऊन जाई. घंटा वाजत नसे, मिस्सा होत नसे. आत्महत्या केलेले, वाटेवर मेलेले अनोळखी, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले देह, यांनाही तेथेच जागा मिळे. मेयो परगण्यात बॅलिनाजवळ टोनीबॉन येथे राष्ट्रीय मार्गाच्या सुधारणेआधी २००३ साली अशा एका किलीनचे उत्खनन झाले. दोनशेहून अधिक व्यक्तींचे अवशेष तेथे मिळाले, आणि त्यांत बालकेच अधिक होती.

हे असे का झाले, हे आपल्या घरातील गोष्टीप्रमाणे सरळपणे सांगितले पाहिजे. बाप्तिस्मा न झालेल्या बालकांचे पुढे काय होते, या प्रश्नावर मध्ययुगातील ईशज्ञानी पंडितांनी ‘लिंबो’ ही कल्पना मांडली. तेथे यातना नाहीत, पण परमेश्वराचे दर्शनही नाही, असे ते म्हणत. हा ख्रिस्तसभेचा जाहीर केलेला धर्मसिद्धांत कधीच नव्हता. परंतु शतकानुशतके तो प्रवचनांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून शिकविला गेला. १९१७ च्या ख्रिस्तसभा-विधिसंहितेने, कलम १२३९ मध्ये, बाप्तिस्म्याविना मेलेल्यांना धार्मिक दफनविधी नाकारला होता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दृष्टी बदलली. १९६९ च्या अंत्यविधीच्या पुस्तकात अशा बालकांसाठी प्रार्थनाविधी आला. १९८३ च्या नव्या विधिसंहितेने, ज्यांच्या मातापित्यांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती अशा बालकांना धर्माध्यक्षांच्या अनुज्ञेने अंत्यविधी देण्याची मुभा दिली. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने त्यांना परमेश्वराच्या दयेवर सोपविले. आणि २००७ साली, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या अनुमतीने, आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम कारणे आहेत असे प्रतिपादन प्रसिद्ध केले.

म्हणजे विचार बदलला. पण ज्या आईने आपले मूल शिवेवर पुरलेले पाहिले, तिच्या हयातीत तो बदलला नाही. चर खणला जातो तेव्हा आपणांस दिसते ती ही भूमी. तिच्यातून दोन साक्षी एकाच वेळी मिळतात. एक साक्ष कुंपणाची आहे : कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे, हे आपण किती कठोरपणे ठरविले होते. दुसरी साक्ष त्या मातापित्यांची आहे. किलीनमधील थडग्यांजवळ पुष्कळदा पांढऱ्या गारगोटीचे खडे सापडतात. लहान दगडांनी थडग्याच्या सीमा आखलेल्या असतात. जागाही सहसा अशी निवडलेली असते, जिला कधीकाळी पावित्र्याचा स्पर्श झाला होता. नियमाने जे नाकारले ते त्या लोकांनी आपल्या हातांनी, आपल्या परीने दिले. हा प्रेमाचा पुरावा कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नाही. तो मातीत होता, आणि सावकाश पाहणाऱ्यालाच तो दिसू शकला. घाईने फिरलेल्या यंत्राखाली गारगोटीचा खडा हा नुसता खडा असतो.

जेथे आधी पाहिले गेले नाही अशा जागेचेही एक उदाहरण आयर्लंडमध्येच आहे, आणि कॅथोलिक वाचकाला ते दुःखदायक असले तरी टाळता येत नाही. गॉलवे परगण्यातील ट्यूम या गावी बाँ सेकूर भगिनींनी चालविलेले अविवाहित माता व त्यांच्या मुलांचे गृह १९२५ ते १९६१ या काळात होते. १९७० च्या दशकात ती इमारत पाडून तेथे घरांची वसाहत उभी राहिली. त्याच दशकात तेथे खेळणाऱ्या दोन मुलांना मानवी हाडे दिसली होती. पण शोध पुढे गेला नाही. कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक स्त्रीने चिकाटीने दप्तरे तपासून त्या गृहात मरण पावलेल्या ७९६ बालकांच्या मृत्युनोंदी मिळविल्या. त्यानंतर चौकशी आयोगाने तेथे चाचणी उत्खनन केले, आणि भूमिगत कप्प्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर बालकांचे अवशेष असल्याचे मार्च २०१७ मध्ये जाहीर झाले. त्या भगिनी-संस्थेने २०२१ साली जाहीर क्षमायाचना केली. जुलै २०२५ मध्ये तेथे संपूर्ण उत्खनन सुरू झाले. ज्या बालकांची विचारपूस घरे बांधण्याआधी व्हावयास हवी होती, ती सुमारे पन्नास वर्षांनी सुरू झाली. तोवर त्यांच्या कित्येक माताही गेल्या.

येथे कोणी विचारील, की या साऱ्याचा मृतांना काय उपयोग? त्यांचा आत्मा परमेश्वराच्या हाती आहे. हाडे रस्त्याखाली राहिली काय किंवा पेटीत गेली काय! संत अगुस्तिन यांनी हाच प्रश्न पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी, नोलाचे धर्माध्यक्ष पॉलिनुस यांना लिहिलेल्या एका ग्रंथात हाताळला होता. देहाला थडगे मिळाले नाही म्हणून आत्म्याचे अकल्याण होत नाही, दफनाचा सोहळा हा जिवंतांच्या सांत्वनासाठी अधिक असतो, असे त्यांचे मत होते. तरीही मृतांचे देह टाकून देऊ नयेत, कारण ज्या देहाद्वारे पवित्र आत्म्याने सत्कृत्ये घडविली त्याविषयी आदर हवा, असेही त्यांनी बजावले. दयेच्या शारीरिक कृत्यांत मृतांना मूठमाती देणे हे कृत्य आपण मोजतो. तोबीताने आपल्या अनोळखी बांधवांचे देह जिवावर उदार होऊन पुरले. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदाने परत टाकलेल्या पैशांतून याजकांनी कुंभाराचे शेत विकत घेतले, ते परक्यांना पुरण्यासाठी. रक्ताचे मोल म्हणून जो पैसा देवळाच्या भांडारात घेण्यास ते धजले नाहीत, त्यातूनही अनोळखी मृतांसाठी जागा घेण्याचे भान त्यांना राहिले.

म्हणून मृतांच्या हक्काची मर्यादा आम्ही अशी समजतो. आपली जागा अनंत काळ अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना नाही. परंतु त्यांच्याकडे पाहिले जावे, ते होते हे खरेपणाने नोंदले जावे, आणि हलवावेच लागले तर आदराने हलवून प्रार्थनेसह पुन्हा निजविले जावे, एवढा हक्क त्यांना आहे. रस्ता हवा असलेल्या जिवंत माणसाच्या गरजेशी याचा विरोध नाही. आधी पाहण्याइतका वेळ आणि पाहून बदलण्याइतकी तयारी, एवढेच ते मागतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात धरणाच्या पाण्याखाली जाणारी भूमी आधी खणून पाहिल्याचे मोठे उदाहरण म्हणजे नागार्जुनकोंडा. तेथे १९५४ ते १९६० या काळात विस्तृत उत्खनन झाले आणि काही वास्तू उंचावर नेऊन पुन्हा उभारल्या गेल्या. परंतु प्रत्येक मोठ्या बांधकामाआधी चर घेऊन पाहण्याची सर्वसाधारण रीत आपल्याकडे रुजलेली नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियमन ठरविले. हे ज्ञात स्मारकाचे रक्षण झाले, अज्ञाताचे काय? १८७८ चा निखातनिधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचे जे मातीत सापडेल त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्यास सांगतो. पण तो सापडल्यानंतर बोलतो, आधी शोधावयास सांगत नाही.

आणि आपली भूमी काही कोरी नाही. वसईच्या शेजारी सोपारे येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप खणला तेव्हा त्यातून बुद्धाच्या धातूंचा करंडक निघाला. सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात मिळाला, तर दुसरा १९५६ साली भुईगावात. ज्या गावच्या वाटांवरून आपली मुले रविवारी मिस्सेला जातात, त्या गावच्या मातीत दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाचा धर्मोपदेश पडून होता. ही माती आपल्या आधीही कोणाची तरी होती, आणि ते लोक आपल्या धर्माचे नव्हते. आयरिश लोकांनी व्हायकिंगांच्या वस्तीसाठी रस्ता हलविला. परधर्मीयांच्या खुणांविषयी आपले कर्तव्य त्याहून कमी कसे असेल?

शिवाय १९१७ चा तो नियम केवळ आयर्लंडपुरता नव्हता. तो आपल्या धर्मग्रामांनाही लागू होता. ज्या बालकांना बाप्तिस्म्यापूर्वी मरण आले ती आपल्याकडे कोठे पुरली गेली, भिंतीच्या कोणत्या बाजूला, कोणत्या झाडाखाली, हे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. मृत्युनोंदवहीत त्यांची नावे नसतील. आपल्या धर्मग्रामाने उद्या सभागृहासाठी किंवा वाहनतळासाठी दफनभूमीलगतची जागा निवडली, तर पाया आखण्याआधी हे विचारणे, जुने नकाशे काढून पाहणे, जाणकाराच्या देखरेखीखाली दोन-चार चर घेणे, हे मोठ्या खर्चाचे काम नव्हे. पायाखालची जमीन आपला भार पेलील की नाही, हे पाहण्यासाठी अभियंता आधी खड्डा घेतोच. त्या खड्ड्यापाशी उभे राहून दुसराही प्रश्न विचारावा, की या जमिनीवर हा भार घालणे योग्य आहे काय. हाडे लागली तर काम थांबवावे, शासनाला कळवावे, धर्मगुरूंना बोलवावे, आणि नकाशा पुन्हा टेबलावर मांडावा. खांब चार फूट बाजूला घेता येतो. ज्याला बाजूला घेता येत नाही, त्याची नोंद होऊ शकते, आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, त्या नावहीन बालकांसाठीही एक मेणबत्ती लावता येते.

बांधणे हे चांगले काम आहे, आणि मृतांच्या नावाने ते अडवून धरणे आमच्या मनात नाही. आमचे म्हणणे इतकेच, की आधी पाहावे, आणि जे दिसेल त्याने आपला निर्णय बदलू देण्याची तयारी ठेवून पाहावे. ज्या धर्मग्रामाने हे केले, त्याच्या पायाच्या दगडावर धर्मगुरू पाणी शिंपडतील तेव्हा मागितलेला आशीर्वाद पुढे येणाऱ्या पिढ्यांसाठी असेल, तसाच खाली निजलेल्यांसाठीही असेल. आणि तो मागण्यात कोणताही संकोच वाटणार नाही.